आवडले, पण काय आवडले ते सांगता येत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. वाचनाची आवड लहानपणापासून आहे. गेल्या वर्षापासून आमच्या भागातल्या वाचक मंडळात जाऊ लागले. तिथे एकेका कवितेवर लोक बराच वेळ बोलतात. मला मात्र 'छान आहे' यापलीकडे काही सुचत नाही. औंधच्या संग्रहालयात गेलो तेव्हा तासाभरात सगळी दालने पाहून झाली आणि घरी आल्यावर एकही चित्र नीट आठवेना. देवळात किंवा वाड्यात गेले की फलक वाचते, फोटो काढते आणि परत येते. पुढच्या बैठकीत बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवर मी बोलायचे ठरले आहे. ही कविता आपल्या जिल्ह्यातल्या औदुंबरवरच आहे ना? आधी समीक्षेची कोणती पुस्तके वाचावीत? आणि माझे यजमान म्हणतात की अशी चिरफाड केली की वाचनातला आनंद निघून जातो. त्यात तथ्य आहे का?"

नमस्कार.

तुमच्याकडे शब्द कमी आहेत असे तुमचे पत्र वाचून मला वाटले नाही. तुम्ही निर्णयापर्यंत फार लवकर पोहोचता, एवढीच तुमची अडचण आहे. कविता संपली की ती छान की वाईट, चित्र पाहिले की ते आवडले की नाही, याचे उत्तर आपण लगेच देऊन टाकतो आणि उत्तर दिले की पाहणे थांबते. खरे तर नीट पाहणे म्हणजे काय, हे तुम्हाला तुमच्या नोकरीमुळे ठाऊक आहे. कर्जाच्या अर्जासोबत सातबारा आला की तुम्ही खातेदाराचे नाव पाहून तो बाजूला ठेवत नाही. इतर हक्काच्या रकान्यात कुणाचा बोजा आहे का, फेरफार क्रमांक जुळतात का, क्षेत्राचा आकडा अर्जातल्या आकड्याशी मिळतो का, हे सगळे तुम्ही तपासता, आणि साहेबांनी विचारले तर कागदावर बोट ठेवून दाखवता. कविता, चित्र किंवा इमारत वाचताना हेच करायचे असते. आपण जे काही म्हणू, ते कुठल्या ओळीवरून, कुठल्या रंगावरून, कुठल्या दगडावरून म्हणतो आहोत हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. ते दाखवता आले तर तुमचे म्हणणे मंडळातल्या सर्वांत बोलक्या माणसाच्या म्हणण्याइतकेच वजनदार आहे, आणि दाखवता आले नाही तर ते कितीही मोठ्या समीक्षकाच्या पुस्तकातून घेतलेले असले तरी तुमच्या कामाचे नाही.

आता तुमच्या कवितेकडे येतो. कृष्णेकाठचे औदुंबर हे दत्तस्थान तुमच्या जिल्ह्यात आहे, तिथे संक्रांतीला साहित्य संमेलनही भरते, त्यामुळे शीर्षक वाचताच सांगलीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो घाट आणि ते देऊळ उभे राहावे हे स्वाभाविक आहे. पण कवितेवर बोट ठेवून पाहा. तिच्यात घाट नाही, देऊळ नाही, पादुका नाहीत, घंटा नाही, भाविक नाहीत. कृष्णेसारखी नदीही नाही. 'निळासावळा झरा' आहे. शेवटच्या शब्दात येणारा औदुंबर म्हणजे पाण्याकाठचे उंबराचे झाड आहे. बालकवी खानदेशातल्या धरणगावचे, हे यासोबत सांगता येईल. परंतु ते ठाऊक नसते तरी केवळ कवितेच्या आधारावर तुम्ही हे उत्तर देऊ शकला असता. माहिती जवळ असणे चांगलेच, मात्र ती कवितेवर पांघरूण घालणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

कविता अवघ्या आठ ओळींची आहे. आधी ती मोठ्याने, सावकाश वाचा. मग अर्थाचा विचार बाजूला ठेवून तीत काय काय आहे याची नुसती यादी करा. मी रंगांपासून सुरुवात करीन, कारण ते या कवितेत फार आहेत. दोन्ही तटांवर हिरवाळी, मग निळासावळा झरा, मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी, पायवाट पांढरी, कुरणे हिरवी, डोह काळा, आणि त्यानंतर 'गोड काळिमा'. हिरवा तीनदा येतो आणि पहिल्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत पसरलेला आहे. काळा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा शेवटाकडे येतो. हिरव्याकडून काळ्याकडे जाणारी एक वाट या कवितेत आहे, आणि ती दाखवायला पायवाटही आहे. सगळ्या दृश्यात पांढरी तेवढीच आहे, म्हणून नजर तिच्यावरूनच चालते.

आता क्रियापदे पाहा. झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट आधी 'पडे' आणि नंतर 'चालली'. हे सगळे कुठेतरी निघालेले आहे. सगळ्यात शेवटी जो येतो तो मात्र 'बसला'. 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर' ही ओळ वाचताना आपणही थांबतो, कारण इतका वेळ आपण चालत होतो. आणखी एक गोष्ट यादी केल्यावरच ध्यानात येते. चार घरांचे गाव आहे, शेते आहेत, मळे आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही. माणसाने करायच्या गोष्टी दुसरेच कुणी करते: चालते ती वाट आणि पाण्यात पाय सोडून बसते ते झाड. हे लक्षात आल्यावर ते झाड तुम्हाला कसे वाटते? विसावलेले, थकलेले, विरक्त, की उदास? या कवितेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि वाचकांचे एकमत झालेले नाही. तुम्ही कुठलाही पक्ष घ्या, फक्त वाटेत अडवणाऱ्या शब्दांना वळसा घालून जाऊ नका. झाड उदास आहे असे म्हणाल तर काळिम्याला 'गोड' का म्हटले आहे, याचे उत्तर द्यावे लागेल. हे नुसते रम्य निसर्गचित्र आहे असे म्हणाल तर ती वाट गावाकडे न जाता काळ्या डोहाकडे का जाते, याचे उत्तर द्यावे लागेल.

सातव्या ओळीपाशी तर मुद्दाम रेंगाळा. 'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर' एवढेच वाचले तर पाणी झाकोळून टाकणारा काळिमाच लाटांवर पसरतो आहे असे वाटते. आठवी ओळ वाचल्यावर कळते की तो पसरवणारा कुणी आहे आणि त्याचे नाव कवीने अगदी शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवले आहे. म्हणजे आपल्याला सावली आधी दिसते आणि झाड नंतर. डोहाच्या दिशेने चालत आलेल्या माणसालाही अगदी असेच दिसले असते: आधी पाण्यावरचा काळोख, आणि मान वर केल्यावर तो पाडणारे झाड. ज्या कवितेत माणूस नाही तिच्यात ही पाहणारी नजर कुणाची, हा प्रश्न मला या कवितेत सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो कुठल्याही समीक्षाग्रंथाविना, केवळ शब्दांचा क्रम पाहून विचारता येतो.

चिरफाडीबद्दल यजमानांना माझ्यातर्फे आदरपूर्वक सांगा की आपल्याकडे कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि त्याच्या एकेका चरणावर तास-दीड तास बोलतो, आणि उठून जाणारा श्रोता तो अभंग गुणगुणतच जातो. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानदेवांनी नऊ हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या, त्याने गीतेतला आनंद उणावला असे आजवर कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आनंद जातो तो परीक्षेतल्या 'कवितेचा आशय पाच ओळींत लिहा' या प्रश्नाने, कारण तिथे कविता सोडून तिच्या सारांशापाशी जावे लागते. नीट वाचताना आपण कवितेकडेच पुनःपुन्हा येतो.

चित्रांविषयी फार लिहीत नाही, कारण पद्धत तीच आहे. फक्त वेळेचा हिशेब बदला. औंधचे संग्रहालय राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारले. ते स्वतः चित्रकार होते, आणि चित्रे जवळून, निवांतपणे पाहिली जावीत याची आस्था असलेल्या माणसाचा तो संग्रह आहे. तिथे पुन्हा जाल तेव्हा सगळी दालने पाहायचीच, असा आग्रह सोडा. दोन चित्रे निवडा आणि उरलेली पुढच्या खेपेस ठेवा. त्याआधी घरच्या घरी सराव करता येईल. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची एखादी प्रत, निदान कॅलेंडरवरची, तुमच्या घरी किंवा शेजारी असेलच. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या शिळाछापी प्रतींमधून ही देवी घराघरांत गेली. आता एखाद्या जुन्या देवळाच्या किंवा वाड्याच्या दारावरची गजलक्ष्मी आठवा. ती मधोमध बसलेली असते आणि दोन बाजूंना दोन हत्ती तिच्यावर पाणी घालत असतात. डावी आणि उजवी बाजू अगदी तोललेल्या. रविवर्म्याची लक्ष्मी मात्र उभी आहे आणि हत्ती एकच आहे, सोंडेत हार घेतलेला. दुसरा हत्ती गेल्यामुळे चित्राचे काय झाले, हे स्वतःला विचारा. तोल मोडला, एक बाजू मोकळी झाली, त्या मोकळ्या जागेतून मागचे पाणी आणि दूरचा देखावा दिसू लागला, आणि दारावरचे शुभचिन्ह असलेली देवी एका तळ्यात, एका विशिष्ट जागी उभी असलेली स्त्री झाली. तिच्या लुगड्याच्या चुण्या पाहा, पायांखालचे कमळ पाहा, आणि तुमच्या प्रतीत तिच्या हातातून नाणी पडताना दिसतात का तेही पाहा. नंतरच्या छापणाऱ्यांनी अशा तपशिलांत पुष्कळ फेरफार केले आहेत, म्हणून दुसऱ्या कुणाच्या वर्णनावर विसंबू नका. तुमच्या समोर जी प्रत आहे तिचीच नोंद करा.

इमारतींसाठी मी तुम्हाला साताऱ्याजवळच्या लिंब गावी पाठवीन. तिथली बारा मोटेची विहीर शाहू छत्रपतींच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी बांधवली. बहुतेक माणसे पायऱ्या उतरतात, कोरीव खांबांच्या महालात फोटो काढतात आणि 'काय पण त्या काळची कला' असे म्हणून वर येतात. तुम्ही वरून सुरुवात करा. विहिरीचा मुख्य भाग अष्टकोनी आहे. काठाकाठाने एक फेरी मारा आणि मोटेच्या, म्हणजे बैलांकडून पाणी ओढण्याच्या, जागा स्वतः मोजा. नाव बारा मोटेचे असले तरी जागा पंधरा आहेत असे जाणकार नोंदवतात, त्यामुळे नावावर भरवसा ठेवून मोजणी सोडू नका. मग प्रत्येक जागेपाशी थांबून ते काम डोळ्यांसमोर आणा. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून, चालू लागले की नाडा, म्हणजे जाड दोर, चाकावरून ओढला जाई, पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई, तिच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी, म्हणजे सोंदूर, ताणला जाऊन ती सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. बैल मागे सरकत सरकत वर आले की मोट पुन्हा खाली. हे ठाऊक असले की काठावरचा प्रत्येक दगड बोलका होतो: चाक कुठे बसत असेल, नाड्याने दगड कुठे झिजला आहे, पाणी कोणत्या दिशेने वाहून नेले असेल, आणि इतक्या बैलजोड्या एका वेळी चालवायच्या तर वर किती मोकळी जागा लागली असेल.

त्यानंतर खाली उतरा. पायऱ्या एका बाजूला आणि मोटा दुसरीकडे, म्हणजे माणसांची वाट आणि बैलांची वाट वेगळी आहे. मुख्य विहीर आणि पायऱ्यांची बाजू यांच्या मध्ये, पाण्याच्या वर, तो महाल आहे. तिथे उन्हाळ्यात दुपारी उभे राहिलात तर तो तिथेच का बांधला हे तुमच्या अंगाला कळेल. कोरीवकाम कुठे आहे आणि कुठे नाही, याचीही नोंद करा, कारण बांधणाऱ्याने खर्च कुठे केला यावरून त्याच्या लेखी ती जागा कुणासाठी होती हे कळते. शिलालेख सर्वांत शेवटी वाचा. तो आधी वाचला की आपले पाहणे तिथेच संपते, आणि शेवटी वाचला तर मनात जमलेल्या प्रश्नांपैकी कोणत्यांची उत्तरे त्यात आहेत आणि कोणत्यांची नाहीत हे दिसते. बांधवून घेणारीचे नाव त्याच्यामुळे आपल्यापर्यंत आले. दगड घडवणाऱ्या हातांविषयी मात्र दगडालाच विचारावे लागते.

सांगलीकर म्हणून तुमच्याजवळ एक जाण अशी आहे की जी इतरांना पुस्तकातून मिळवावी लागते. वाईला कृष्णेकाठच्या ढोल्या गणपतीच्या दर्शनाला पुष्कळदा गेला असाल. पुढच्या वेळी देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकारात निमुळती होत गेली आहे. २००५ आणि २०१९ चे पूर ज्याने पाहिले, कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी कसे चढते हे ज्याला माहीत आहे, त्याला या भिंतीचा आकार समजावून सांगावा लागत नाही: पुराचे पाणी तिच्यावर आदळून थोपून राहण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे यासाठी ती तशी आहे. कवितेच्या बाबतीत मी तुम्हाला औदुंबर क्षेत्राची माहिती बाजूला ठेवायला सांगितले आणि इथे पुराची आठवण सोबत न्यायला सांगतो आहे, याचे कारण ती भिंत स्वतःच पुराकडे बोट दाखवते. आठ ओळींच्या त्या कवितेत मात्र दत्तस्थानाकडे बोट दाखवणारे काहीही नाही. आपल्याजवळची कोणती माहिती वापरायची आणि कोणती नाही, हे दर वेळी असेच समोरच्या वस्तूला विचारून ठरवावे.

समीक्षेच्या पुस्तकांबद्दल विचारले आहे. ती वाचाच, पण पहिल्या नोंदी झाल्यावर वाचा. एखाद्या समीक्षकाचे मत आधी वाचले की आपल्याला तेवढेच दिसते. नंतर वाचले की त्याने काय पाहिले आणि आपण काय पाहिले याची तुलना करता येते, आणि तेव्हा त्याच्याकडून खरे शिकणे होते. शब्दकोश मात्र पहिल्यापासून शेजारी असू द्या. इतिहास, मूर्तिशास्त्र, वास्तुकला यांतले काही अडले तर वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य आहे, आणि त्यातल्या नोंदी आपल्याच भाषेत असल्याने तिथले पारिभाषिक शब्द बोलतानाही सहज तोंडी बसतात.

बैठकीच्या दिवशी कवीच्या चरित्रापासून सुरुवात करू नका; तेवढ्यातच निम्मा वेळ जातो. कविता दोनदा वाचा, दुसऱ्यांदा अधिक सावकाश. मग रंगांची यादी सांगा, क्रियापदांची सांगा, आणि यापैकी जे तुमच्या वाचनात तुम्हाला खरोखर दिसले तेवढेच सांगा. मी वर लिहिलेल्यातले काही तुम्हाला पटले नसेल तर ते सोडून द्या, किंवा का पटले नाही तेच सांगा. 'गोड' या शब्दाचा उलगडा झाला नसेल तर तो प्रश्न तसाच मंडळापुढे ठेवा आणि इतरांना बोलू द्या. कवितेच्या छायाप्रती सर्वांना पुरतील इतक्या घेऊन जा आणि ओळींना एक ते आठ क्रमांक घाला, म्हणजे कुणी 'मला असे वाटते' म्हणाले की 'कितव्या ओळीवरून?' हे सहज विचारता येईल.